वहीचं पान परत आलं पाहिजे

प्रश्न: अक्कलकोट तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तीन वर्षं गणित शिकवतोय. यंदा संस्थेनं आसपासच्या गावांतल्या दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा ऑनलाइन उजळणीवर्ग माझ्याकडे दिला आहे. मुलं जोडली जातात, पण कॅमेरे बंद असतात आणि कोणी बोलत नाही. चाळीस मिनिटं शिकवून झाल्यावर कोणाला काय कळलं ते मला सांगता येत नाही. कोणतं ॲप वापरू? टॅबलेट घेऊ का? तुम्ही हे कसं शिकलात?

उत्तर:

सर, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, ‘कोणाला काय कळलं ते मला सांगता येत नाही.’ ॲपचं आणि टॅबलेटचं पुढे सांगते, ते सोपं आहे. तुमची खरी अडचण या वाक्यात आहे. माझीही नेमकी तीच होती, आणि ती अडचण आहे हे ओळखायलाच मला तीन आठवडे लागले.

मी सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवते आहे. आमच्याकडची बरीच मुलं यंत्रमाग कामगारांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर तेवढा राहिला होता. २३ मार्चला होणारा तो पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. नववीतून वर आलेल्या माझ्या ५८ मुलांचे ऑनलाइन तास जूनमध्ये सुरू झाले.

मी तयारीनं उतरले होते. भिंतीला पांढरा फळा लावला, मोबाइलसाठी स्टँड आणला, रोजच्या तासाचं टिपण काढलं. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांची होती, म्हणून माझा तासही चाळीस मिनिटांचा झाला. शेवटी विचारायचे, ‘समजलं का?’ चार आवाज यायचे, ‘हो मॅडम.’ रोज तेच चार. तीन आठवड्यांत दोन चलांतील रेषीय समीकरणांचा बराच भाग शिकवून झाला. मग मी सगळ्यांना एकच उदाहरण सोडवून वहीच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलं.

५८ मुलांपैकी ११ फोटो आले. उदाहरण असं होतं: ५क्ष + ३य = २१ आणि ५क्ष − २य = ११. दुसरं समीकरण पहिल्यातून वजा केलं की ५य = १०, म्हणजे य = २ आणि क्ष = ३. अकरापैकी सात पानांवर य = १० लिहिलेलं होतं. वजा करताना खालच्या ओळीतल्या −२य चं चिन्ह बदललंच नव्हतं. तीनातून दोन गेले, उरला एक य. चिन्हं बदलायची हे मी तीन वेगवेगळ्या दिवशी लाल मार्करनं दाखवलं होतं. रेकॉर्डिंग काढून पाहिलं, माझं शिकवणं त्यात नीटनेटकं दिसत होतं. सात पानं मात्र सांगत होती की ते पोचलेलं नाही. आणि जी ४७ पानं आलीच नाहीत, त्यांच्याबद्दल तर मला काहीच माहीत नव्हतं.

वर्गात हे असं होत नाही, कारण तिथे आपण बोलता बोलता बाकांमधून फिरतो. तिसऱ्या बाकावरची पेन्सिल थांबली की पाय आपोआप तिकडे वळतात. एखादी मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावली की आपण तीच पायरी पुन्हा सांगतो. हे काम आपण इतक्या सहज करतो की त्याला शिकवणं म्हणत नाही. आपल्या लेखी शिकवणं म्हणजे फळ्यावरचं बोलणं. ऑनलाइन तासात बोलणं शाबूत राहिलं आणि बाकांमधलं फिरणं गेलं. मग मी उरलेल्या अर्ध्यालाच अधिक सजवत बसले: रंगीत मार्कर, चांगला प्रकाश, मोठा आवाज.

वाट सापडली ती एका जुन्या आठवणीतून. नोकरी करत असताना मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापनाची पदविका केली होती. ते विद्यापीठ १९८९चं, म्हणजे दुरून शिकवणं आपल्या राज्यात इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. आम्हाला पुस्तकं मिळायची, अभ्यासकेंद्रावर अधूनमधून संपर्कसत्रं व्हायची आणि लिहिलेले स्वाध्याय जमा करायचे असायचे. त्या पुस्तकांतलं आज मला फारसं आठवत नाही. पण एका स्वाध्यायाच्या समासात तो तपासणाऱ्या समंत्रकांनी लिहिलं होतं, ‘हे तुमच्या शाळेत खरंच असं घडतं का? उदाहरण द्या.’ ते अजून आठवतं. मी कधी न पाहिलेल्या माणसानं माझं पान वाचलं होतं. त्या ओळीसाठी मी पुढचा स्वाध्याय मन लावून लिहिला.

दूरशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या मायकेल मूर यांनी हेच शास्त्र म्हणून मांडलेलं आहे. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं खरं अंतर मैलांत मोजायचं नसतं, समजण्यातल्या दरीत मोजायचं असतं, आणि दोघांमधला संवाद वाढला की ती दरी कमी होते. हे कळल्यावर मी एक गोष्ट ठरवली. माझा तास मी बोलून संपल्यावर संपणार नाही. मुलाच्या वहीचं पान माझ्याकडे येईल, मी त्यावर काहीतरी बोलेन आणि ते त्याच्याकडे परत जाईल, तेव्हा तास संपेल. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य हेच आहे. बाकी सगळं हे जमवण्याच्या खटपटी.

पण पान यायचं तर ते मूल कुठे बसून लिहितंय हे आधी माहीत पाहिजे. इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. एक मुलगी रोज वेळेवर जोडली जायची, पण कधी आवाज देत नसे. नाव घेऊन विचारलं की चॅटमध्ये एखादं अक्षर टाकायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तोंड उघडायला काय झालं? लक्ष नसेल तर बसू नकोस.’ दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. चार दिवसांनी तिच्या आईला फोन लावला. पलीकडून आधी मागांची खटखट ऐकू आली आणि मग आईचा ओरडून बोललेला आवाज. त्यांची खोली टॉवेलच्या कारखान्याला लागून होती, मधे एक पत्रा. जूनमध्ये कारखाने हळूहळू सुरू झाले होते. ती मुलगी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून आणि इअरफोन कानात दाबून बसायची. माइक सुरू केला तर वर्गाला काही ऐकू येणार नाही आणि सगळे हसतील, म्हणून ती गप्प राहायची. मी त्याला बेपर्वाई समजले होते. मी तिची माफी मागितली, आधी फोनवर आणि मग वर्गासमोर. ती परत आली. पण ते चार दिवस माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हापासून मी कॅमेऱ्याची सक्ती कधी केली नाही, माइकचीही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाचजण राहतात, मागे आई सुपात पानं घेऊन विड्या वळत असते, कोणी जेवत असतं, कोणी आजारी असतं. ते चाळीस जणांना दाखवायला मूल तयार नसेल तर ते बरोबरच आहे. तुमच्या मुलांचे कॅमेरे बंद आहेत म्हणून त्यांचं लक्ष नाही असं धरू नका. लक्ष आहे की नाही हे कळायला दुसऱ्या वाटा आहेत.

त्यानंतर मी दोन दिवस तास घेतलेच नाहीत, नुसते फोन केले. एका मोठ्या वहीत प्रत्येक मुलासमोर लिहिलं: फोन कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, घरात आणखी कोण त्यावर शिकतं, रिचार्ज कधी संपतो, बोलता येईल अशी जागा आहे का, घरात कोणती भाषा बोलतात. त्यातून दिसलं की माझा सकाळी दहाचा तास कोणाच्याच सोयीचा नव्हता. वडील दिवसपाळीला फोन घेऊन जात आणि संध्याकाळी सात-साडेसातला घरी येत. आई तयार विड्या कारखान्यात जमा करायला जाताना फोन सोबत नेई. नऊ मुलांच्या घरी फक्त बटणाचा फोन होता. दोन घरांत एकाच फोनवर तीन भावंडं. मी तास रात्री आठला नेला आणि पहिल्याच दिवशी हजेरी दुपटीच्या आसपास गेली. जे मी तीन आठवडे शिकवण्याच्या पद्धतीत शोधत होते, त्यातलं निम्मं घड्याळात होतं. तुमचा वर्ग संध्याकाळचा आहे हे चांगलंच, तरी ही वही तुम्हीही करा. तुमच्याकडे कानडी बोलणारी घरं असतील, शेतात असणारे पालक असतील. तुमची कारणं माझ्यापेक्षा वेगळी निघतील.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल.

चाळीस मिनिटं बोलणं सोडा. केंद्र सरकारच्या जुलै २०२०च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सुचवली होती. पण ती मर्यादा पडद्यासमोर बसण्याची होती, सलग ऐकण्याची नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात याची २०१४ साली मोठी पाहणी झाली, तीत दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असला तरी निम्मे पाहणारे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. तिथले बहुतेक विद्यार्थी तर स्वतःहून नाव घातलेले प्रौढ. आपली मुलं पंधरा वर्षांची आणि दिवसभर थकलेली. मी पाच-सहा मिनिटं बोलते आणि थांबते. थांबल्यावर प्रत्येकाकडून काहीतरी यावं लागतं: एक अंक, एक अक्षर, एक पायरी.

‘समजलं का’ हा प्रश्न मी पूर्ण टाकून दिला. त्याला ‘हो’ म्हणणं सगळ्यांत सोपं असतं. त्याऐवजी मी चार पर्यायांचा असा प्रश्न बनवते की चुकीचा प्रत्येक पर्याय एका ठरावीक चुकीतूनच यावा. उदाहरणार्थ, क्ष² − ५क्ष + ६ = ० ची मुळं कोणती? अ) २ आणि ३, ब) −२ आणि −३, क) १ आणि ६, ड) −१ आणि ६. ब लिहिणाऱ्यानं अवयव बहुधा बरोबर पाडले, पण अवयव शून्याबरोबर मांडायची पायरी खाल्ली. क लिहिणाऱ्यानं गुणाकार ६ पाहिला, बेरीज पाहिलीच नाही. ड लिहिणाऱ्यानं बेरीज ५ जमवली, पण गुणाकार −६ होतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. चॅटमध्ये एकेक अक्षर येतं आणि अर्ध्या मिनिटात मला कळतं की पुढची पाच मिनिटं कशावर घालवायची. ब जास्त आले तर मी क बद्दल बोलतच नाही. असा एक प्रश्न बनवायला मला सुरुवातीला वीस मिनिटं लागत. तासाच्या तयारीत मी आता सगळ्यांत जास्त वेळ यालाच देते. एक नियम मात्र पाळते: मी ‘पाठवा’ म्हणेपर्यंत कोणी उत्तर पाठवायचं नाही. नाहीतर हुशार मुलाचं अक्षर पाहून बाकीचे तेच टाकतात.

आणि थांबा, सर. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतले तास ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलंही बोलतात. ऑनलाइन तासात तीन सेकंदांनी भागत नाही. आवाज पोचायला वेळ लागतो, मूल वहीत करतं, मग टाइप करतं, कधी आधी फोन भावाच्या हातातून घ्यावा लागतो. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजते. पहिल्या आठवड्यात ती शांतता मला खायला उठायची. आता मला माहीत आहे की त्या शांततेतच मुलं गणित करत असतात, आणि मी बोलले तर त्यांचं काम मोडेल.

तासाच्या शेवटची पंधरा मिनिटं वहीची. पडद्यावर फक्त उदाहरण असतं, मी गप्प असते, मुलं सोडवतात. रात्री साडेनऊपर्यंत पानाचा फोटो माझ्या वैयक्तिक क्रमांकावर यायचा. गटात नाही, कच्चं पान सगळ्यांसमोर टाकायला मुलं लाजतात, आणि जी लाजत नाहीत त्यांचं बघून बाकीची उतरवतात. रोज ५८ पानं तपासणं मला शक्य नव्हतं, तसा प्रयत्न करून मी एका आठवड्यात थकून गेले. मग तीन गट केले. रोज एका गटाची एकोणीस-वीस पानं नीट पाहायची, बाकीची आली की नाही एवढीच नोंद. गॅलरीतच फोटोवर लाल रेघेनं गोल काढायचा आणि अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवायचा. त्यात तीन गोष्टी: मुलाचं नाव, बरोबर आलेली एक पायरी आणि एक प्रश्न. चूक मी सांगत नाही. ‘तिसऱ्या ओळीत वजा करताना −२य चं काय झालं, पुन्हा बघ आणि फक्त तेवढीच ओळ पाठव.’ वीस पानांना चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. ही मिनिटं मिळावीत म्हणून मी तासातलं माझं बोलणं कमी केलं. दोन्ही पुरं करायला गेलात तर दोन महिन्यांत तुम्ही आजारी पडाल.

नावाचा फार परिणाम होतो. एका मुलाच्या आईनं मला सांगितलं की मॅडमचा आवाज तो आजीला ऐकवतो. आजीला मराठी फार कळत नव्हतं, नातवाचं नाव कळत होतं. जुलैअखेर रोजची पानं अकरावरून चाळिसाच्या वर गेली होती.

बटणाच्या फोनवाल्या नऊ मुलांसाठी जोड्या लावल्या. स्मार्टफोन असलेलं एक आणि नसलेलं एक, शक्यतो एकाच गल्लीतलं. रोज दहा मिनिटं साधा फोन. एकानं उदाहरण वाचायचं, दुसऱ्यानं पायरी सांगायची. भाषा तुमची तुम्ही ठरवा म्हणाले. पुढे एका जोडीचं बोलणं मी त्यांच्या परवानगीनं ऐकलं. सगळं तेलुगूत, मधे ‘साधारण फरक’ आणि ‘पहिलं पद’ एवढेच मराठी शब्द. मला अर्धंच कळलं, पण त्या मुलानं मित्राला जे समजावलं ते माझ्यापेक्षा थेट होतं. वर्गात इतकी वर्षं ‘मराठीतच बोला’ म्हणून मी काय काय थांबवलं असेल, असं त्या दिवशी वाटलं. अंकगणिती श्रेढी चालू होती. पंचवीस विड्यांचं एक बंडल. हजार विड्या झाल्या तेव्हा कितवं बंडल बांधलं, हे त्याचं उदाहरण. त्याच्या घरी कोणालाही विचारलं तर चाळीस हे उत्तर तोंडावर. वहीत मात्र त्याचं उत्तर ३९ यायचं, कारण सूत्रात पदाच्या क्रमांकातून एक वजा केलेला असतो आणि शेवटी तो परत मिळवायचा राहतो. ‘मग एक बंडल गेलं कुठं?’ असं मित्रानं विचारलं, आणि त्यानं स्वतःच ती ओळ दुरुस्त केली. तेव्हापासून त्या धड्याची सुरुवात मी याच उदाहरणानं करते, आता प्रत्यक्ष वर्गातसुद्धा.

आपल्या जिल्ह्याचं एक सांगायला हवं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं आणि त्यांनी रकमेतला अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या गटात आनंदाला उधाण आलं होतं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम टाळेबंदीच्या कितीतरी आधीचं. मला त्यातून मिळालेला धडा असा: तंत्रज्ञान मुलाच्या हातातल्या पुस्तकाला जोडलं की ते मुलाच्या वेळेनुसार चालतं, आपल्या वेळेनुसार नाही. म्हणून मीही धड्यातल्या अवघड पायऱ्या तीन तीन मिनिटांच्या आवाजी संदेशात, सोबत वहीच्या पानाचा एक फोटो, अशा ठेवल्या. असा संदेश एक एमबीच्याही आत बसतो, तर पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग शेकडो एमबीचं. दिवसाच्या दीड जीबीत तीन भावंडं शिकत असतील तर हा हिशेब शिक्षकानंच करायचा असतो. त्याच काळात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली, माझ्या मुलांची धाकटी भावंडं ती आवडीनं बघत. फोन नसलेल्या घरांपर्यंत तरी काही पोचलं.

आता तुमच्या टॅबलेटचं. घेऊ नका, निदान आत्ता नको. माझ्याकडे आजही नाही. टेबलावर दोन उंच डबे ठेवा, त्यांवर पापड भाजायची लोखंडी जाळी आडवी टाका आणि मोबाइल तिच्यावर पडदा वर करून ठेवा, मागचा कॅमेरा जाळीच्या फटीतून खाली बघेल असा. खाली तुमची वही. मुलांना तुमचा चेहरा दिसण्यापेक्षा हात आणि पेन दिसणं गणितात जास्त उपयोगी आहे. भौमितिक रचना शिकवताना कंपासचं टोक कुठे टेकवता, हे मागच्या बाकावरून जसं दिसत नाही तसं इथे दिसतं. उजव्या हातानं लिहीत असाल तर दिवा डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे अक्षरांवर सावली पडत नाही. बॉलपेन नको, जाड स्केचपेन घ्या आणि एका पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नका. मूल तुमचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर बघतंय. माइक असलेला साधा वायरचा इअरफोन घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आवाजावर करा, चित्र अस्पष्ट चालतं पण आवाज तुटला की मूल तुटतं. ॲप मुलांना आधीपासून वापरता येतं तेच. झूम की मीट यानं काही फरक पडत नाही.

एका बाबतीत कडक राहा. वर्गाचा व्हॉट्सॲप गट केला की प्रत्येक मुलीचा किंवा तिच्या घरचा क्रमांक सगळ्या गटाला दिसतो. काही पालकांनी याच कारणासाठी मुलींना गटातून काढलं होतं आणि मला ते उशिरा कळलं. सूचनांसाठी ब्रॉडकास्ट यादी वापरा. फक्त मुलांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला हवा, नाहीतर संदेश पोचत नाही. रात्री दहानंतर मुलांना संदेश पाठवू नका, आणि त्यांच्याकडून आला तर उत्तर सकाळी द्या.

परीक्षेचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. ऑनलाइन चाचणीत कॉपी पकडायच्या मागे मी लागले नाही. प्रत्येकाला तीन मिनिटांचा फोन करायचे: ‘काल पाठवलेलं चौथं उदाहरण उघड. दुसरी पायरी का केलीस?’ उतरवलेलं असेल तर पहिल्याच वाक्यात कळतं, आणि तेव्हा रागावण्याऐवजी ती पायरी शिकवता येते. २०२१मध्ये दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. तेव्हा या फोनच्या नोंदी मला गुणांपेक्षा जास्त खऱ्या वाटल्या.

जे जमलं नाही तेही सांगते. दोन मुलं माझ्या हातून निसटली. एक मागावर कांड्या भरायला लागला, दुसऱ्याचं कुटुंब तेलंगणातल्या गावी गेलं आणि फोन बंद झाला. पहिल्याचं पान सलग आठ दिवस आलं नव्हतं. माझ्या वहीत ती नोंद होती, पण मी त्याच्या घरी दहाव्या दिवशी गेले. आधी गेले असते तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. आता मी तीन दिवसांवर कधी जात नाही: पहिल्या दिवशी संदेश, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी घर. आणि ऑक्टोबर २०२१मध्ये शाळा उघडल्या तेव्हा दिसलं की मुलांचा लिहिण्याचा वेग पार गेला होता. येणारं उदाहरणही वेळेत उतरत नव्हतं. २०२२च्या परीक्षेत मंडळानं गणिताच्या चाळीस गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं जादा दिली, ती आमच्या मुलांना खरोखर लागली. म्हणून उजळणीवर्गात पर्यायी प्रश्न कितीही सोयीचे वाटले तरी रोज एक उदाहरण पूर्ण, हातानं, घड्याळ लावून लिहून घ्या.

तुम्ही विचारलंत, हे कसं शिकलात. शिकायला किती वेळ लागला तेही सांगते. फोन जाळीवर ठेवायला एक दिवस. तीस आकडे मोजत गप्प राहायला जवळजवळ दीड महिना.

येत्या सोमवारी एवढंच करा. तास घेऊ नका, फोन करा आणि ती वही भरा. मंगळवारी बारा मिनिटं शिकवा, एक चार पर्यायांचा प्रश्न विचारा, एक उदाहरण द्या. बुधवारी रात्री मला कळवा किती पानं आली. आणि ज्यांची आली नाहीत, त्यांच्याबद्दल आधी लिहा.